लिहिणाऱ्याची मालकी

बुऱ्हाणपुरात एखाद्या तरुणाने घरी सांगितले, की मला सिनेमासाठी लिहायचे आहे, तर घरच्यांचा विरोध सिनेमाला नसतो. सिनेमा या गावाला परका नाही. खांडवा शेजारीच आहे, २००३ पर्यंत बुऱ्हाणपूर त्याच जिल्ह्यात मोडत होते, आणि खांडव्याचा किशोरकुमार इथल्या लोकांना आपल्या घरचाच वाटत आला आहे. विरोध असतो तो बेभरवशाच्या मिळकतीला. नट पडद्यावर दिसतो, गायक ऐकू येतो. लेखकाने नेमके काय विकले, कुणाला विकले, त्याचे पैसे किती दिवस येत राहणार, यातले काहीच घरच्यांच्या नजरेस पडत नाही. न दिसणाऱ्या उत्पन्नावर बँक कर्ज देत नाही आणि सोयरीकही जुळत नाही. ही शंका रास्त आहे. कलेला पैशाने मोजू नका, असे म्हणून ती उडवून लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पटकथालेखन हा व्यवसाय आहे असे मानणाऱ्याने त्या शंकेला व्यवसायाच्याच भाषेत उत्तर द्यायला हवे, आणि ही प्रस्तावना तो प्रयत्न करते. माझे म्हणणे थोडक्यात असे, की लेखकाला पहिले काम त्याच्या लेखणीमुळे मिळते, पण दहावे काम मिळेपर्यंत तो टिकतो की नाही, हे त्याने आपल्या लिखाणावरची मालकी कशी राखली यावर ठरते. आपल्याकडे पटकथालेखन शिकवणारी पुस्तके आणि कार्यशाळा पहिल्या भागावर सगळा वेळ घालवतात. दुसरा भाग अनुभवाने कळेल म्हणून सोडून दिला जातो, आणि तो अनुभव फार महाग पडतो.

लिहून पोट भरणे बुऱ्हाणपूरला नवे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाचा मुक्काम इथे होता. त्याच्या पदरी फारसीतले कितीतरी कवी होते. इराणातून आलेला अब्दुल बाकी नहावंदी १६१४ मध्ये इथे त्याच्या आश्रयाला आला आणि १६१६ मध्ये त्याने ‘मआसिर-ए-रहीमी’ हा ग्रंथ पुरा केला. खानखानाच्या चरित्राबरोबर त्याने पोसलेल्या कवींची आणि विद्वानांची माहितीही त्यात आहे, म्हणजे त्या काळच्या लेखनव्यवसायाची ती एक नोंदवहीच म्हणायची. रहीम स्वतः मोठा कवी होता, त्यामुळे कदर करणारा हात जाणकाराचा होता. तरीही व्यवहाराचे स्वरूप पाहा. कवीने रचना ऐकवायची, धन्याची मर्जी बसली तर इनाम घ्यायचे, आणि पुढच्या रचनेसाठी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे. पुढे राजकारणाच्या उलथापालथीत खुद्द खानखानाच बादशहाच्या मर्जीतून उतरला आणि १६२७ मध्ये वारला. आश्रयदात्याचे बळ गेले की आश्रिताचेही जाते, कारण रचनेवर कवीचा असा कोणताच हक्क नसतो जो धन्यापलीकडे टिकेल. आजचा निर्माता खानखाना नाही, आणि त्याने तसे असावे अशी अपेक्षाही नको. पण नॅरेशनच्या, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवण्याच्या, खोलीत बसलेल्या नव्या लेखकाची मानसिकता पुष्कळदा त्या दरबारातल्या कवीचीच असते. साहेबांना आवडले पाहिजे, बाकीचे साहेब बघतील.

दरबार गेला आणि कारखाना आला, तेव्हा लेखकाची स्थिती बदलली, पण मालकीचा प्रश्न तसाच राहिला. बुऱ्हाणपूरच्या वाचकाला हे समजावायला दूर जायला नको. इथल्या पॉवरलूमवर व्यापाऱ्याचे सूत येते, कारागीर ते विणतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. कापड बाजारात कितीला गेले, कुठे गेले, दुसऱ्यांदा किती नफा देऊन गेले, याच्याशी विणणाऱ्याचा संबंध उरत नाही, कारण सूत त्याचे नव्हते. पटकथालेखकाच्या बाबतीत मात्र सूतही त्याचेच असते. विषय, माणसे, प्रसंगांची गुंफण, बोलणे, सगळे त्याने आपल्या डोक्यातून काढलेले असते, आणि तरी तो मजुरीच्या दराने कापड देऊन मोकळा होतो. स्टुडिओंच्या जमान्यात हे निदान समजण्यासारखे होते. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात कंपनी महिन्याच्या पगारावर माणसे ठेवी. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आजही जगभर दाखवला जातो. त्याची पटकथा शिवराम वाशीकरांची, पण ते नाव आज किती मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहे? नोकरीत केलेल्या लिखाणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, ही तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात आजही आहे. त्याच्या बदल्यात पगार, नियमितपणा आणि एक छत मिळे. स्टुडिओ बंद पडले तेव्हा पगार गेला, छत गेले आणि लेखक फ्रीलान्स झाला. सगळे हक्क मात्र कंपनीचेच, हा रिवाज तेवढा शिल्लक राहिला. नोकरीतले नुकसान पदरात आणि नोकरीची सुरक्षा नाही, अशी ही विचित्र वाटणी आहे, आणि मला तीच या व्यवसायातल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ वाटते.

या वाटणीत टिकायचा एक मार्ग म्हणजे भरपूर लिहिणे. ग. दि. माडगूळकरांनी दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांसाठी लिहिले. ‘दो आँखें बारह हाथ’ सारखा हिंदी चित्रपटही त्यांच्या लेखणीतून आला. त्यांच्या प्रतिभेचा ओघ एवढा होता, की ही संख्या त्यांना पेलली. पण मानधन एकदाच मिळणार असेल, तर कमाई वाढवायला चित्रपटांची संख्या वाढवणे एवढाच मार्ग उरतो, आणि प्रत्येक लेखक माडगूळकर नसतो. आचार्य अत्र्यांनी दुसरा मार्ग धरला. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ सारखे चित्रपट दुसऱ्यांसाठी लिहिल्यावर ते स्वतःच निर्माते झाले, आणि १९५३ च्या ‘श्यामची आई’ ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मालकी मिळवण्याचा तो सरळ मार्ग आहे, पण त्यासाठी भांडवल लागते आणि ते बुडण्याची तयारीही लागते. कारकिर्दीच्या पहिल्या दिवशी कुणाला तो सुचवणे बरोबर नाही. प्रश्न असा आहे, की निर्माता न होता, केवळ लेखक राहून, लिहिणाऱ्याला मालकासारखे वागता येते का?

येते, आणि त्याचा ठळक पुरावा आपल्याच मध्य प्रदेशातल्या दोन माणसांनी दिला. सलीम खान इंदूरचे. जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा, कॉलेज भोपाळचे. सलीम नट व्हायला मुंबईला गेले, जावेद दिग्दर्शक व्हायची इच्छा घेऊन. त्या काळी लेखकाला ‘मुन्शी’ म्हणत, आणि सेटवर पाने लिहून देणारा माणूस एवढीच त्याची किंमत असे. १९७३ मध्ये ‘जंजीर’ प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबईत लागलेल्या पोस्टरांवर लेखकांचे नावच नव्हते. दोघांनी पदरच्या पैशांनी रंगारी लावला आणि शहरभरच्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. ही हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे आणि ती गमतीचा किस्सा म्हणून ऐकली जाते. मी ती व्यवसायातला एक विचारपूर्वक निर्णय म्हणून वाचतो. पोस्टर हा त्या काळी वितरकाशी बोलण्याचा मार्ग होता. वितरक पोस्टरवरची नावे पाहून पैसे लावत असे. लेखकाचे नाव तिथे आले, की पुढच्या चित्रपटाची किंमत ठरताना ते नावही हिशेबात धरले जाणार, हे त्यांनी ओळखले. दोन वर्षांत ‘दीवार’ आणि ‘शोले’ आले. ‘दीवार’ साठी कथा, पटकथा आणि संवाद अशी तिन्ही फिल्मफेअर पारितोषिके त्यांना मिळाली, आणि त्यांच्या मानधनाची गणना बड्या नटांच्या मानधनाशेजारी होऊ लागली. त्यांनी पूर्ण पटकथा हातात घेऊन निर्मात्याकडे जायचे, किंमत आधी सांगायची आणि ती परवडत नसेल तर दुसरे दार ठोठावायचे, अशी पद्धत ठेवली. सेटवर बसून पाने पुरवणारा लेखक किंमत सांगू शकत नाही, कारण तेव्हा त्याच्याकडे विकायला तयार वस्तूच नसते. बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण लिहून बांधलेली पटकथा, ही शिस्तीची गोष्ट आहेच, पण व्यवहारात ती लेखकाचे भांडवल असते. या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. २०१३ मध्ये ‘जंजीर’ चा रिमेक निघाला, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्या पटकथेवर हक्क सांगत हे दोघे मुंबई उच्च न्यायालयात गेले. भारतातल्या सर्वांत यशस्वी पटकथालेखकांनाही चार दशकांनी कोर्टाची पायरी चढावी लागते, याचा अर्थ नावाने किंमत मिळते, मालकी मात्र कागदावर लिहून घ्यावी लागते.

म्हणून कागदाकडे वळू. नव्या लेखकाच्या मनात सर्वांत मोठी भीती असते ती आयडिया चोरीला जाण्याची. या भीतीपोटी तो कुणाला काही वाचायलाच देत नाही, किंवा उलट, चार ओळींची कल्पना लेखकांच्या संघटनेकडे नोंदवून निर्धास्त होतो. दोन्ही चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे आर. जी. आनंद यांच्या खटल्यातून कळते. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ नावाचे नाटक लिहिले होते, प्रांतीय अभिमानाच्या भिंतींवर. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला. खांडव्याचे किशोरकुमारच त्याचे नायक होते. आनंद यांना त्यात आपले नाटक दिसले आणि ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ मध्ये लागला, तो त्यांच्या विरुद्ध. न्यायालयाने म्हटले, की कल्पना, विषय, सूत्र यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. तो असतो ती कल्पना ज्या रूपात, ज्या मांडणीत आणि ज्या शब्दांत उतरली त्यावर. लेखकांना हा निकाल कडू वाटतो. मला तो व्यवसायाचा पहिला धडा वाटतो. तुमची मिळकत कल्पनेत नाही, लिहिलेल्या पानांत आहे. दोन शहरांतल्या प्रेमिकांची गोष्ट कुणाचीही असू शकते. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या एका घरात, मागाच्या खडखडाटात, मराठी आई आणि उर्दू बोलणारी शेजारीण यांच्या बोलण्यातून उलगडत जाणारी ऐंशी दृश्यांची पटकथा मात्र एकाचीच असते. जितके तपशिलात लिहाल तितकी मालकी भक्कम. २०१५ मध्ये ‘फिर से’ या चित्रपटाच्या वादात लेखिका ज्योती कपूर यांना सर्वोच्च न्यायालयातून पंचवीस लाख रुपये आणि श्रेय मिळाले, ते त्यांच्याकडे आधी लिहिलेली, नोंदवलेली पटकथा होती म्हणून.

आता करार. निर्मात्याकडून येणाऱ्या बहुतेक करारांत एक कलम असते, साधारण अशा आशयाचे: लेखक आपल्या लिखाणातील सर्व हक्क संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी कंपनीला देत आहे. नवा लेखक ‘संपूर्ण विश्वात’ वाचून हसतो आणि सही करतो. प्रत्यक्षात त्या कलमातला एकेक शब्द कायद्यातल्या एकेका संरक्षणाला उत्तर म्हणून लिहिलेला असतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, की हक्क देण्याचा करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाईल आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. म्हणून ‘कायमस्वरूपी’, म्हणून ‘विश्वात’. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळे लिहिले नसेल तरच, म्हणून तिथेही एक ओळ घातलेली असते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी आल्या. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याला तो करार लागू होत नाही, जर त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल. आणि चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला, सिनेमागृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरांतून जी रॉयल्टी येईल तिचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क त्याला सोडूनही देता येत नाही. गीतकारांनी आणि संगीतकारांनी यासाठी दीर्घ लढा दिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताचे हक्क निर्मात्याच्या बाजूने दिले होते, त्याला कायद्याने उत्तर मिळायला पस्तीस वर्षे लागली. आज गीतकार-संगीतकारांची सोसायटी पैसे गोळा करून सभासदांना वाटते. पटकथालेखकांची तशी घडी अजून बसलेली नाही, आणि ती बसवणे हे पुढच्या पिढीचे काम आहे. पण हक्क कायद्यात आहे हेच ज्याला माहीत नाही, तो घडी बसवायला जाणार तरी कसा?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मनापासूनचा असतो. लेखकाने कलमे वाचत बसायचे, हप्ते मागायचे, तर तो लिहिणार केव्हा? धंद्याची बुद्धी आली की लेखणी बिघडते, बाजार मागेल ते लिहिले जाते. या आक्षेपात एक सत्य आहे: बाजाराकडे पाहून लिहिलेली पटकथा बहुधा कालच्या यशाची नक्कल असते. पण लेखणी बिघडते ती हिशेब ठेवल्याने का? माझ्या मते ती बिघडते नाही म्हणण्याची सोय नसल्याने. ज्याला या महिन्याचे भाडे पुढच्या हप्त्यातून द्यायचे आहे, तो निर्मात्याच्या क्रिएटिव्ह विभागाने सांगितलेला प्रत्येक बदल मान्य करतो. विजय तेंडुलकरांकडे पाहा. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘उंबरठा’, ‘अर्धसत्य’. साधारण दहा वर्षांत या पटकथा झाल्या. वेगवेगळे दिग्दर्शक, वेगवेगळे निर्माते, दोन भाषा, आणि एकाही चित्रपटात तेंडुलकरांची नजर हरवलेली नाही. पटकथेला त्यांनी नाटकाइतक्याच गांभीर्याने घेतले. आणि ज्या ‘मंथन’ च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या चित्रपटामागचा पैसाही काही आकाशातून पडला नव्हता. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून तो उभा राहिला. पैशाचा हिशेब इतका उघड असलेला दुसरा चित्रपट सापडणे कठीण, आणि त्याने कलेचे काहीही बिघडवले नाही.

दुसरा आक्षेप निर्मात्याच्या बाजूचा आहे आणि मी तो अधिक वजनदार मानतो. पैसा त्याचा, कर्ज त्याचे, चित्रपट पडला तर घर गहाण त्याचे; लेखक मानधन घेऊन बाजूला होतो, मग नफ्यात वाटा कशाचा? शिवाय पटकथा म्हणजे चित्रपट नव्हे. दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, नट सगळे मिळून तो घडवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच तिकीटबारीच्या पैशांतून निर्मात्याचा खर्च निघायच्या आधी लेखकाने वाटा मागावा, असे मी म्हणत नाही, आणि कायद्यानेही रॉयल्टीतून सिनेमागृह वगळले आहे. वाद आहे तो त्यानंतरच्या मिळकतीचा. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. दोन-अडीच वर्षांत तो कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’, पंजाबीत ‘चन्ना मेरेया’, ओडियात ‘लैला ओ लैला’, बंगालीत ‘नूरजहाँ’ आणि हिंदीत ‘धडक’ झाला. रिमेक होतो तेव्हा मूळचा कॅमेरा जात नाही, नट जात नाहीत, करमाळ्याचा तो उजेड आणि ती बोलीही जात नाही. जाते ती पटकथा. जी वस्तू पाच भाषांत पुन्हा विकली जाते, ती घडवणाऱ्याचा त्या विक्रीशी संबंध नाही, हे कोणत्या व्यापारी न्यायात बसते? रिमेक, पुढचा भाग, वेबमालिका, दुसऱ्या भाषेतले नाटक, हे हक्क मूळ मानधनात गुंडाळले जाऊ नयेत, एवढीच माझी मागणी आहे. त्यात निर्मात्याच्या धोक्याला धक्का लागत नाही.

तिसरा आक्षेप नवशिक्याचा: हे सगळे सलीम-जावेद आणि मंजुळे यांच्यासाठी ठीक, मला पहिले काम देणाऱ्यापुढे मी अटी घातल्या तर तो दुसऱ्याला बोलावेल. बोलावेलही. म्हणून सुरुवातीला काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, याची अक्कल हवी. पहिल्या कामात आकड्यावर घासाघीस करण्यात फार अर्थ नसतो. तीन गोष्टी मात्र सोडू नयेत. पडद्यावर आणि प्रसिद्धीत नाव कोणत्या शब्दांत येणार हे लिहून घ्यावे, कारण कथा, पटकथा आणि संवाद ही आपल्याकडे वेगळी श्रेये आहेत आणि पुढचे काम त्यावरूनच मिळते. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत: सायनिंग, वनलाइन (दृश्यांचा क्रमवार आराखडा), पहिला ड्राफ्ट, संवाद, अंतिम ड्राफ्ट. चित्रपट सुरू झाल्यावर सगळे देऊ, ही बोली म्हणजे लेखकाने निर्मात्याला दिलेले बिनव्याजी कर्ज. आणि ठराविक मुदतीत चित्रपट झाला नाही तर पटकथा परत माझी, ही ओळ घालून घ्यावी. या तिन्ही मागण्यांसाठी निर्मात्याच्या खिशातून आज एक रुपयाही जास्त जात नाही, त्यामुळे सरळ माणूस त्या नाकारत नाही. जो नाकारतो, त्याने आपली ओळख वेळेवर करून दिली असे समजावे. एकट्याने बोलणे अवघड जात असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. पूर्वीची ही फिल्म रायटर्स असोसिएशन, १९६० मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदलेली. पटकथेची नोंदणी ती ऑनलाइन करते, आणि वाद ऐकणारी तिची समिती आहे. तिथली नोंद म्हणजे कॉपीराइट नव्हे; कॉपीराइट लिहिताक्षणीच मिळतो. ती नोंद तारखेचा पुरावा असते आणि वादात तारखेलाच किंमत असते.

बुऱ्हाणपूरच्या अंतराचा प्रश्न मात्र थोडक्यात आणि खरेपणाने सांगायला हवा. हे शहर मुंबई-इटारसी लोहमार्गावर, मुंबईपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. रात्री गाडीत बसले की सकाळी मुंबई. लिखाण इथे बसून होते, बैठका आता पडद्यावरही होतात, तरी पहिल्या काही वर्षांत ओळखी मुंबईतच होतात आणि तिथे जाणे टळत नाही. दुसऱ्या बाजूला, इथल्या माणसाकडे एक साधन आहे ज्याची मुंबईत टंचाई आहे. एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी आणि खानदेशी कानावर पडत मोठा झालेला लेखक, पात्र कोणत्या क्षणी कोणती भाषा बोलेल, हे शिकवल्याशिवाय जाणतो. ‘अर्धसत्य’ ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची मराठी, पटकथा तेंडुलकरांची, आणि हिंदी संवाद वसंत देव यांचे. इंदूरच्या मराठी घरातले स्वानंद किरकिरे हिंदी गीतांसाठी दोनदा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आले. सीमेवरच्या माणसाची ही दुभाषी जाण विकता येण्याजोगे कौशल्य आहे आणि तिचे वेगळे मानधन मागता येते. चित्रपट आणि वेबमालिकाही आता या बाजूला येऊ लागल्या आहेत: ‘स्त्री’ चंदेरीत झाला, ‘पंचायत’ आणि ‘लापता लेडीज’ सीहोर जिल्ह्यात. ‘लापता लेडीज’ ची मूळ कथा बिप्लब गोस्वामी यांनी एका पटकथा स्पर्धेला पाठवली होती, आणि तिथून ती निर्मात्यापर्यंत पोहोचली. पटकथा आणि संवाद पुढे स्नेहा देसाई यांनी लिहिले. ओळखीशिवायही दार उघडते, पण स्पर्धेचे नियम वाचून पाठवावे. काही स्पर्धांत प्रवेशिका पाठवतानाच हक्क देऊन टाकण्याची अट असते.

राहिला रोजचा हिशेब. मालिकांमध्ये लेखकाला एपिसोडमागे पैसे मिळतात, आणि हिंदीत ते कामानंतर नव्वद दिवसांनी येण्याची पद्धत रुळलेली आहे. मालिका अचानक बंद होते तेव्हा हातात तीन महिन्यांची येणी असतात आणि नवे काम नसते. त्यामुळे या व्यवसायात उतरणाऱ्याने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून उतरावे, आणि शिकवणी, भाषांतर, जाहिरात, बातमीदारी यांपैकी एखादे उत्पन्न सुरू ठेवण्यात कमीपणा मानू नये. प्रत्येक करार, प्रत्येक ड्राफ्ट, प्रत्येक ईमेल तारखेसह जपावा. मानधनातून कापलेल्या टीडीएसचा हिशेब ठेवून विवरणपत्र दरवर्षी भरावे. १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांनी कथालेखक, पटकथालेखक आणि संवादलेखक यांना नट-दिग्दर्शकांच्या बरोबरीने व्यावसायिकांच्या यादीत घातले, तेव्हा घरच्यांना न दिसणारे हे उत्पन्न सरकारला केव्हाच दिसले आहे. सलग तीन वर्षांची विवरणपत्रे हातात असली की बँकही बोलू लागते, आणि घरचेही.

हा झगडा केवळ आपल्याकडचा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. स्ट्रीमिंगवर जास्त पाहिल्या गेलेल्या मालिकांसाठी वाढीव मोबदला आणि यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाच्या जागी न वापरण्याची हमी, हे दोन्ही त्यांनी करारात आणले. आपल्याकडे तेवढी एकजूट आज नाही, पण तोच प्रश्न आपल्या करारांत येऊ लागला आहे: माझी पटकथा यंत्राला शिकवण्यासाठी वापरता येईल का? करारात उल्लेख नसेल तर तो करून घ्यावा, कारण ‘पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत’ ही ओळ तिथे आधीपासून बसलेली आहे.

दृश्य कसे रचावे, संवाद कसा कापावा, हे शिकायची साधने आता भरपूर आहेत आणि ती जरूर वापरा. त्याबरोबर एक काम या आठवड्यात करा. तुमच्याकडे लिहून पूर्ण झालेली जी पटकथा आहे ती नोंदवा, आणि तुमच्यापुढे जो करार येईल त्यातले हक्क देण्याचे कलम सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. फी लागेल. ती सायनिंगच्या रकमेतून द्या.